तांबड्या चिंधीचा चिमटा

सायकल दुरुस्तीच्या त्या दुकानात एक रीत होती. जो भाग निकामी ठरला त्याला तांबडी चिंधी बांधायची, आणि ती बांधायचा अधिकार एकट्या उस्तादांचा. उस्ताद म्हणजे दुकानाचे मालक. सगळा रस्ता त्यांना याच नावानं ओळखायचा. पोलादावरून ते अंगठ्याचं नख असं फिरवायचे की डोळ्यांना न दिसणारा तडाही नखाला अडायचा. नख अडलं की विषय संपला. शंका असली तरच तडा तपासायला रॉकेल आणि खडू बाहेर निघायचे, आणि उस्तादांना शंका येणं म्हणजे वर्षातून एखाददुसरी वेळ.

मंगळवारी सकाळी त्यांनी आपल्याच लेकीच्या सायकलच्या चिमट्याला तांबडी चिंधी बांधली. पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवतो तो चिमटा. तो मोडला तर चालवणारा तोंडावर आपटलाच म्हणून समजा. "गळ्यापाशी तडा आहे," एवढंच ते म्हणाले आणि हात पुसायला लागले. हात काही मळलेले नव्हते.

तडाही नव्हता.

लेकीला घरात भिंगरी म्हणत, कारण लहानपणापासून तिचा पाय एका जागी ठरला नाही. गुरुवारी ती सायकलवरून जगाला फेरी मारायला निघणार होती. दीड वर्ष तिनं दुसरं काही केलं नव्हतं. दुकानामागच्या खोलीत भिंतभर नकाशा, त्यावर टाचण्या, प्रत्येक टाचणीखाली तारीख. कोणत्या देशात कधी शिरायचं, परवाना किती दिवसांचा, पाणी कुठे मिळेल, कुठे तीन दिवस मिळणार नाही, सगळं लिहिलेलं. वजन वाचवायला तिनं दात घासायच्या ब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापून टाकला होता. आई शिवणयंत्रावर सामानाच्या पिशव्या शिवत होती आणि कापलेल्या ब्रशकडे बघून म्हणत होती की आता दात तेवढे घरी ठेवून जा.

उस्तादांनी या सगळ्याला मान डोलावली होती. चाकं त्यांनीच बांधली, तारा त्यांनीच ताणल्या. खरं सांगायचं तर त्यांना वाटत होतं, हे काही घडायचं नाही. कागदावर जग फिरायला कुणाच्या बापाचं काय जातं? पण बाप तर तेच होते, आणि सोमवारी भिंगरीनं नकाशावर बोट ठेवून त्यांना खिंड दाखवली. खिंडीपलीकडे बेचाळीस किलोमीटर सलग उतार. ती हे आनंदानं सांगत होती. उस्तादांना त्या उतारावर फक्त तिचं पुढचं चाक दिसत होतं.

त्या मापाचा नवा चिमटा मागवायचा तर तीन आठवडे लागणार. तोवर खिंड बर्फानं बंद. मग पुढचे परवाने एकामागून एक बाद, आणि सीमेवरच्या गावात वाट बघणारी सोबतीण एकटीच पुढे जाणार. म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्षभरात माणसाचं मन बदलतं. बदलावं, असं उस्तादांना मनापासून वाटत होतं.

भिंगरी चिंधीकडे बघत राहिली. तिनं नख फिरवून पाहिलं नाही, खडू मागितला नाही. उस्तादांच्या नखानंतर खडू मागणं म्हणजे त्या दुकानात त्यांना खोटं पाडण्यासारखं होतं. ती मागच्या खोलीत गेली, आणि बराच वेळ शिवणयंत्राचाही आवाज आला नाही. उस्तादांना वाटलं, रडेल आणि मोकळी होईल.

दुपारी ती हातात दुसरा चिमटा घेऊन आली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक भंगारवाला होता, त्याच्याकडच्या जुन्या मालवाहू सायकलचा. वजनाला भारी, वर ताजा काळा रंग. माप जुळत होतं. वजन वाढेल, पण दोन जर्किनांपैकी एक इथेच ठेवीन, असं तिनं सांगून टाकलं. चेहरा उन्हानं लाल झाला होता आणि ती हसत होती. उस्तादांना त्या हसण्याचा राग आला, मग स्वतःचा आला.

त्यांनी चिमटा हातात घेतला. ताजा रंग बघूनच कपाळाला आठी पडली. भंगारात निघालेल्या मालाला कुणी हौसेनं रंग देत नाही. गळ्यापाशी नख फिरवलं. अडलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथेच अडलं.

या वेळी तडा खरा होता.

"हा नको," ते म्हणाले. "याला तडा आहे."

भिंगरीचं हसू गेलं. तिनं चिमटा त्यांच्या हातातून काढून घेतला. "सकाळी तुम्ही सांगितलंत ते मी मुकाट्यानं ऐकलं, कारण ते खरं होतं," ती म्हणाली. "आत्ता तुम्ही घाबरून बोलताय, बाबा. मी तिसरा आणला तर त्यालाही तडा निघेल."

तिनं पाना उचलला आणि सायकलपाशी जाऊन बसली. बेअरिंगचे छर्रे ग्रीसमध्ये एकेक करून बसवायला लागली. आई दारात येऊन उभी राहिली होती.

उस्तादांना दोन्हीकडून मार्ग दिसेना. चिमटा हिसकावून घ्यावा, घणाखाली घालावा, तर ही पोरगी बुधवारी आणखी कुठून तरी आणील आणि तो त्यांना दाखवणारही नाही. आणि गप्प बसावं, तर उतारावर विसाव्या किलोमीटरला की तिसाव्या, एवढाच प्रश्न उरत होता. ज्या भीतीपोटी ते खोटं बोलले होते, ती आता त्यांनी स्वतःच्या हातानं खरी करून ठेवली होती. शेवटचा छर्रा बसला. तिनं चिमटा उचलला.

"उलटं आहे," उस्ताद म्हणाले.

तिनं वर पाहिलं.

"सकाळचं खोटं होतं. आत्ताचं खरं आहे. तुझ्या चिमट्याला काहीही झालेलं नाही. तू जाऊ नयेस म्हणून मी चिंधी बांधली."

भिंगरीनं हातातला चिमटा खाली ठेवला. मग उठली, फळीवरून रॉकेलची बाटली आणि खडूचा तुकडा काढला. दोन्ही चिमट्यांच्या गळ्याचा रंग तिनं घासून काढला, रॉकेल चोपडलं, थोडं थांबून फडक्यानं कोरडं पुसलं आणि वर खडू घासला. दोन्ही चिमटे शेजारी शेजारी अडकवले. पोलादाला तडा असला तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि खडूवर काळी रेघ उठते. ती यायला दहा मिनिटं लागतात.

त्या दहा मिनिटांत एक माणूस पंक्चरची सायकल घेऊन आला. आईनं त्याला दारातूनच उद्या यायला सांगितलं. उस्ताद उभेच होते. बसायला स्टूल होतं, पण बसायचं धाडस होईना. उगाच आपलं नख दुखतंय असं त्यांना वाटत होतं.

सकाळचा चिमटा पांढराच राहिला. दुसऱ्याच्या गळ्यावर आधी एक ओलसर ठिपका आला, मग तो लांबत गेला आणि बोटाच्या पेराएवढी काळी रेघ स्पष्ट उमटली.

आईच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. भिंगरीनं त्या रेघेवरून स्वतःचं नख फिरवलं, दोनदा. मग सकाळच्या चिमट्याची तांबडी चिंधी सोडली आणि उस्तादांच्या हातात दिली. त्यांनी ती दुसऱ्या चिमट्याला बांधली. गाठ पहिल्या खेपेला बसली नाही.

सायकल तिनं एकटीनंच जोडली. उस्तादांनी पान्यासाठी हात पुढे केला, तो तिला दिसला होता. तिनं दिला नाही. रागावलीस का, असं त्यांनी शेवटी विचारलंच. "रागावले," ती म्हणाली. "पण सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर मी तोच बसवून गेले असते."

बुधवारी ती त्यांच्याशी नेहमीसारखी बोलली, जेवली, नकाशावरच्या टाचण्या काढायला त्यांना सोबत घेतलं. गुरुवारी उजाडताना निघाली. आईला मिठी मारली, उस्तादांच्या पाया पडली. त्यांनी तोंडानं सुखरूप ये म्हटलं आणि या वेळी ते पोटातून आलं होतं.

पुढच्या पिशवीचा पट्टा जरा सैल वाटला म्हणून ते वाकले. पिशवीचं तोंड उघडं होतं. वर अर्ध्या दांड्याचा ब्रश होता, आणि त्याच्याशेजारी घट्ट झाकणाची रॉकेलची छोटी बाटली आणि खडूचे दोन अख्खे तुकडे.

उस्तादांनी पट्टा आवळला आणि बाजूला झाले.