अल्पशा आजाराने

जुलैतली ती सकाळ नेहमीसारखीच होती. आईने एका शेगडीवर जर्दाळूचा मुरंबा ठेवला होता, दुसरीवर खळ शिजत होती. आमच्या बेलग्रेडमध्ये माणूस गेला की काळ्या चौकटीचा कागद छापून दारांवर, झाडांवर चिकटवतात; पुढे वर्षश्राद्धालाही. आईने छापून आणलेल्या कागदाची चौकट मात्र हिरवी होती, मुसलमानांची असते तशी. माझ्या मावशीने बोस्नियातल्या मुसलमान घरात लग्न केलं होतं. तिच्या मुलाला, सेनादला, तिथल्या युद्धात आमच्या सर्ब जनरलच्या सैनिकांनी गोळी घातली, तेव्हा त्याला नीट मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याच जनरलचं दुमजली चित्र आमच्या इमारतीच्या भिंतीवर आहे. आई दरवर्षी त्याच्या खाली सेनादचा कागद लावायची.

"यंदा दारावर लाव ना," मी म्हटलं.

"दाराने मारलं का त्याला?" आई म्हणाली आणि खळीचा डबा घेऊन खाली गेली.

मी खिडकीतून पाहत होते. भिंतीपाशी तिसऱ्या मजल्यावरचा ओग्न्येन आणि त्याचे दोन मित्र बिअर पीत होते.

"ए आजी, काढ तो कागद. साहेबांच्या तोंडाला फासतेस?"

"तोंडाला नाही रे, पायाशी. एवढा मोठा माणूस, कागदाला घाबरतो?"

मित्र खिदळले. त्या हसण्यानेच तो पेटला. डबा हिसकावून त्याने तिच्या डोक्यात घातला. ती पडल्यावर तिघांनी बुटांनी तुडवली. मी पोचेपर्यंत ते पळाले होते. तिचा जबडा तुटला होता, कानातलं रक्त खळीत उतरत होतं. वर एकामागून एक पडदे ओढले गेले. आई शुद्धीवर आलीच नाही.

माझ्या एकटीच्या जबानीवर पोलिसांनी ओग्न्येनला रात्रभर ठेवून सोडलं. दुसऱ्या कुणी काही पाहिलंच नव्हतं.

इमारत समितीचे मिओद्रागकाका आणि त्यांची बायको कोसाराकाकू रिवाजाप्रमाणे कॉफीचं पाकीट घेऊन सांत्वनाला आले.

"कागदावर नेहमीचंच लिही, पोरी," काका म्हणाले. "अल्पशा आजाराने."

"कुठला आजार, काका?"

"शब्दात पकडू नकोस. पोरं चुकली. पण राहायचंय ना इथं? भलतंसलतं लिहिलंस तर दारावर लावू देणार नाही."

"दारावर लावायचाच नाहीये."

काकू कपात बघत राहिल्या.

या शहरात कुणाला आठवायचं हे मारणाऱ्यांनी भिंतीवर रंगवून ठेवलं आहे, आणि मेलेल्यांनी आजारी पडून मेल्याचं सांगायचं आहे. मी छापून घेतलं: 'रादोय्का. या भिंतीखाली लाथांनी ठार मारली. शेजाऱ्यांनी पाहिलं.'

भर दुपारी तो कागद मी जनरलच्या पायाशी चिकटवला. ओग्न्येन आला, त्याने तो फाडला. मी दुसरा लावला. त्याने माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मी पिशवीतून तिसरा काढला.

"सोड तिला!" वरून कोसाराकाकू ओरडल्या. "त्या दिवशीही मी पाहिलंय तुला!"

आतून कुणीतरी त्यांना मागे खेचलं. एक थप्पड ऐकू आली, खिडकी आपटली. ओग्न्येनचा हात माझ्या केसांतून सुटला. तो वर बघत राहिला, मग निघून गेला.

जिन्याचं दार उघडलं. काकू घरातल्या सपातांवर बाहेर आल्या. ओठ फाटला होता.

"चल पोलिसांकडे," त्या म्हणाल्या. "ओठ सुजायच्या आत बोलून टाकते."