जाळी नसलेली खोली

नवे अधीक्षक कैद्यांना अहो-जाहो करायला लागले, तेव्हाच मिस्त्रीच्या मनात पाल चुकचुकली. जन्मठेपेतली बरीच वर्षं त्यानं या भिंतींआड काढली होती. आजवरच्या साहेबांनी त्याला शिव्या घातल्या, नंबरानं हाका मारल्या; त्यात निदान लपवाछपवी नव्हती. आणि हा माणूस बांधकामावर येऊन म्हणतो, "मिस्त्री, तुमच्या हाताला सफाई आहे हो!"

"याला आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायचंय," मिस्त्री जेवताना शेजारच्या कैद्याला म्हणाला. हा शेजारी आपला खटला स्वतःच लढून हरला होता, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत.

"तुझ्याकडे आहे तरी काय काढून घ्यायला?" वकिलानं विचारलं.

मिस्त्रीनं मनातल्या मनात आपली सगळी चीजवस्तू मोजून पाहिली; काढून घेण्याजोगं काही निघेना. त्यामुळे संशय आणखीच बळावला.

काम होतं मुलाखतीच्या नव्या खोलीचं. आजवर घरची माणसं जाळीपलीकडून ओरडून बोलायची. त्या गलक्यात कोण काय बोललं, देव जाणे. नव्या खोलीत जाळीच नव्हती. नुसती टेबलं आणि खुर्च्या. साहेब म्हणाले होते, "शिक्षा कोर्टानं दिलीय. तुमचं स्वातंत्र्य गेलं, तीच शिक्षा. त्यात आम्ही पदरची भर घालायची नाही."

मिस्त्रीनं मान डोलावली, आणि भिंतीत विजेच्या नळ्या बसवताना एकेक नळी डोळ्याला लावून पाहिली. आपलं बोलणं ऐकायचं यंत्र कुठंतरी असणारच! गिलावा त्यानं स्वतः केला, रंगही स्वतःच दिला. काही सापडलं नाही.

"म्हणजे टेबलात असणार," तो वकिलाला म्हणाला.

खोली सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात त्याची धाकटी बहीण भेटायला आली. बसण्याआधी मिस्त्रीनं टेबलाखालून हात फिरवला.

"काय शोधतोयस, दादा?"

"काही नाही गं. रंधा नीट मारलाय का बघतोय."

तिनं त्याचा हात धरला. त्यानं तो चटकन मागे ओढला आणि शिपायाकडे पाहिलं. शिपाई दारापाशी बसून नखं कुरतडत होता. मग पोरांची शाळा, घराचं छप्पर, असलं वरवरचं बोलणं चालू राहिलं. बहिणीचे डोळे भरून आले.

"एवढ्या लांबून आले, आणि तू माझ्याशी परक्यासारखा बोलतोस!"

मिस्त्रीनं खुर्ची पुढे ओढली. ऐकणारे ऐकू देत, असं त्याच्या मनात आलं, आणि वर्षानुवर्षं गिळलेला प्रश्न बाहेर पडला.

"आईनं जाताना माझं नाव घेतलं का गं? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही नको."

"घेतलं की. 'त्या मुडद्यानं मला जिवंतपणी मारलं,' म्हणाली." बहिणीनं पदरानं डोळे पुसले. "मग म्हणाली, त्याला थंडी सोसत नाही, पांघरूण देतात का तिथं, विचारून ये. मी आले होते विचारायला. त्या गोंगाटात तुला ऐकूच गेलं नाही."

मिस्त्रीनं तिचा हात घट्ट धरला.

"देतात," तो म्हणाला. "दोन देतात."

वेळ संपली, असं शिपायानं दोनदा सांगितलं, तेव्हा कुठं मिस्त्री उठला.

परतताना व्हरांड्यात साहेब भेटले. मिस्त्रीनं नमस्कार केला, पण थांबला नाही. इतक्या लवकर कुणाला आपलं म्हणायची त्याची तयारी नव्हती. पुढच्या मुलाखतीचा अर्ज मात्र त्यानं त्याच संध्याकाळी दिला.