एकशेदोन टंच

मित्रांनो, हुपरीच्या विरूपाक्ष या चांदीच्या कारागिराच्या डोळ्याला चाळीस वर्षं चिकटलेलं भिंग मी. पैंजणाच्या सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी मी चुगली करायचो. वाहवा मात्र विरूपाक्षची व्हायची. पुढं त्याचे हात थरथरू लागले, तो कोल्हापूरला मुलाकडं राहायला आला आणि मी पडलो खिळ्यांच्या डब्यात. सहा वर्षं.

मला बाहेर काढलं ते त्याच्या नातीपायी. सात वर्षांच्या शांभवीच्या अंगावर सारख्या गांधी उठायच्या, ओठ सुजायचे. एकदा श्वास कोंडला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, काय खाते ते शोधा. तिच्या आईनं, सुष्मितानं, दूध बंद केलं, शेंगदाणे बंद केले. गांधी थांबेनात.

अशात सुष्मिताची बहीण अनुजा जर्मनीहून आली. तिनं आणलेल्या खाऊच्या पिवळ्या गोळ्या शांभवीनं मूठभर खाल्ल्या, काही झालं नाही. चार दिवसांनी विरूपाक्षनं नेहमीप्रमाणे गल्लीतल्या दुकानातून खाऊ आणला, तेच नाव, तेच चित्र असलेलं पाकीट. संध्याकाळी पोरगी लालभडक.

सुष्मितानं दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली आणि सासऱ्याला विचारलं, "मामा, तुमचं भिंग कुठं हाय?"

मित्रांनो, मी चांदीचा कण न् कण पाहिलाय, पण असलं अक्षर पाहिलं नव्हतं. मुंगीच्या पायाएवढं, आणि त्यात दोन देश मावलेले. इथल्या पाकिटावर कृत्रिम रंगांचे नंबर, १०२, ११०. तिकडच्यावर अनुजानं वाचलं, गाजर आणि करडई.

विरूपाक्षनं मला डोळ्यावरून काढलं. "करडई? आपल्या रानातली?"

"व्हय की," अनुजा म्हणाली. "तिकडं हे रंग घातलं तर पोरांच्या वागण्यावर परिणाम होऊ शकतो, असं पाकिटावर छापावं लागतंय. कोण छापंल? त्यापरीस गाजर-करडई घालत्यात. हितं तसं छापायला लागत न्हाय."

विरूपाक्षनं आपण आणलेलं पाकीट पुन्हा माझ्याखाली धरलं. "डोळं ताणून नंबर तेवढा बघून घेत हुतो मी. बाकीचं दिसायचं न्हाय. आमच्यात नंबर म्हंजे टंच, चांदी किती शुद्ध त्ये. मला वाटलं, एकशेदोन म्हंजे चोख माल."

"शंभराच्या वर टंच असतोय व्हय, मामा?" सुष्मिता हसायला गेली आणि तिला रडूच आलं.

गोळ्या बंद झाल्या, गांधी गेल्या. शांभवीला एकशेदोनच बाधतो, हे पुढं डॉक्टरांनीही सांगितलं. तो सगळ्यांना बाधत नाही, कायद्यानं चालतो, हे मलाही कळतं. पण फळाचं चित्र तळहाताएवढं आणि खरी गोष्ट मुंगीच्या पायाएवढी, ही चलाखी आहे. नाव तेच, पोरंही तशीच, मग करडई त्यांनाच का?

मित्रांनो, घरात भिंग असेल तर ते खिळ्यांत टाकू नका. पाकिटाची मागची बाजू आधी वाचा.

मी आता चांदीच्या साखळीत विरूपाक्षच्या गळ्यात असतो. परवा एका नव्या दुकानात तो बिस्किटाचा पुडा डोळ्याशी धरून उभा होता. दुकानदार वैतागला.

"पावणं, बिस्कीट घेताय का पैंजण?"

"थांबा की," विरूपाक्ष म्हणाला. "टंच बघतोय."