मध्यंतरातला निरोप

मी तोमे. क्योतोच्या नाटकगृहात नटांना टोप बसवते. कुरामोची मास्तरांचं डोकं कायम माझ्याकडेच.

मास्तर आधी सिनेमात तलवारीने मरायची कामं करायचे. दिवसातून पाच-पाच वेळा मरायचे आणि मधल्या सुट्टीत बायकोने, इसोएताईंनी, बांधून दिलेले भाताचे गोळे हाणायचे. मग कुणा दिग्दर्शकाची नजर पडली आणि गडी नायक झाला. दहा वर्षं पोरी स्टुडिओच्या फाटकाशी ताटकळायच्या. पुढे घरोघरी टीव्ही आला, सिनेमे ओस पडले, मास्तर नाटकात आले. तिथेही निम्म्या खुर्च्या रिकाम्याच. इसोएताई मात्र होत्या तशाच. म्हणायच्या, "अगं, मी यांना गाजलेलं पाहिलं नि पडलेलंही. दोन्ही वेळा घोरतात तेवढेच."

त्या वसंतात ताई इस्पितळात होत्या. शेवटच्या प्रयोगाच्या दुपारी पहिला अंक चालू असताना नर्सचा फोन आला. तो मीच घेतला. "शुद्धीवर आल्यात, यजमानांना बोलावताहेत. फार वेळ नाही." इस्पितळ नदीपलीकडे, टॅक्सीने दहा मिनिटं. मध्यंतर अर्ध्या तासाचं.

आमच्यात रीत आहे. घरचं माणूस मरणाच्या दारात असलं, तरी शेवटचा पडदा पडेपर्यंत नटाला सांगायचं नाही. मास्तरांचे वडील गेले, तेव्हा मी अशीच तोंड शिवून बसले होते. नंतर त्यांनी वाकून माझे आभार मानले होते.

मध्यंतरात ते आरशापुढे बसले. मी टोप बदलायला घेतला, तर तो उलटाच बसवला.

"काय गं, आज काय झालंय तुला?"

"म्हातारी झाले, दुसरं काय!"

"तू तर जन्मतःच म्हातारी होतीस."

मी हसले. जळो मेलं ते हसणं! ताई तिकडे वाट बघत होत्या आणि मी इकडे दात काढत होते.

दुसऱ्या अंकात मास्तरांनी अख्खं नाटकगृह रडवलं. पडदा पडला तशी मी धावत जाऊन सांगितलं. टोप-रंगासकट टॅक्सीत बसलो. पोचलो, तेव्हा ताईंना जाऊन वीस मिनिटं झाली होती. नर्स म्हणाली, "दाराकडेच बघत होत्या हो."

मी तिथेच गुडघ्यांवर बसले. "मास्तर, मला मारा. मध्यंतरात भेट झाली असती. मी पापीण, मी सांगितलं नाही."

मास्तर बराच वेळ ताईंच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिले.

"ऊठ, तोमे. आरशात तुझं तोंड दिसत होतं मला."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर जावं लागलं असतं." त्यांनी डोक्यावरचा टोप काढला. "किती वर्षांनी सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या गं."