कोरडं मीठ

आमच्या बिल्डिंगीचं हवामान खातं तिसऱ्या मजल्यावर, माझ्या स्वयंपाकघरात होतं. खातेप्रमुख माझ्या सासूबाई, आक्का. मुरगूडची शेती केरबाला वाट्यानं लावून त्या राजारामपुरीत आमच्याकडं राहायला आल्या, तेव्हा एक ट्रंक आणि खड्या मिठाची चिनीमातीची बरणी एवढंच सोबत आणलं. पाडवा झाला की रोज सकाळी त्या बरणीत हात घालायच्या. मीठ कोरडं लागलं तर वाळवण घाला. ओलसर लागलं तर दुपारी वळीव येणार, गच्चीवर काही न्यायचं नाही. त्यांचा निकाल लागल्याशिवाय बिल्डिंगीतली एक बाई मिरच्यांचं पोतं सोडायची नाही. मोगऱ्याला पाणी किती घालायचं, भुईमूग कधी उपटायचा, सगळं त्या बरणीतून निघायचं. केरबासुद्धा फोन करून विचारायचा. मुरगूडचं आभाळ राजारामपुरीतल्या बरणीत कसं दिसतं, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

आणि आक्का चुकायच्या नाहीत. माझा खरा राग तोच होता.

कारण माझी उन्हाळी सुट्टीही त्याच बरणीत होती. मिरच्या वाळून वर्षाची चटणी डंकावरून कुटून आल्याशिवाय सुनेनं माहेरी जायचं नाही, हा घरचा कायदा. दरवर्षी मे सरत यायचा तरी मीठ ओलंच. मीठ सुकलं की सांडगे राहिलेले असायचे. शाळा उघडायला चार दिवस उरले की मग म्हणायच्या, जा आता. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण निपाणीला आईकडं सलग तीन रात्री मी झोपले नव्हते. नवऱ्याला सांगावं तर अमरसिंहचं ठरलेलं उत्तर, आक्काला तेवढंच हाय, करू दे की.

यंदा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी आठ दिवस मागितले. समोरच्या घोरपडेवहिनी आणि आणखी चार बायका गच्चीवर असताना आक्का म्हणाल्या, "मिरच्या वाळवाय येत न्हाईत, आन् निघाली आईचं डोळं उघडाय."

बायका हसल्या. मीही हसले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात फोनवर इशारा आला, उद्या दुपारनंतर विजांसह पाऊस. सकाळी आक्का उठायच्या आत मी बरणी तव्यावर उपडी केली. मीठ तडतडेपर्यंत भाजलं, ताटात पसरून निववलं आणि परत भरलं. आक्कांनी हात घातला, बोटं चोळली. "खडखडीत हाय. घाला बिनघोर." केरबाला त्यांनी स्वतःच फोन लावला आणि सांगितलं, आजच भुईमूग उपटून टाक. तेवढं माझ्या हिशेबात नव्हतं. फोन काढून घ्यावा असं एकदा वाटलं, पण मी चहा गाळत राहिले. आमचं पोतं मात्र कंबर धरल्याचं सांगून खालीच ठेवलं.

तीन वाजता आभाळ फाटलं. अर्ध्या तासात गच्चीच्या पन्हाळीतून लाल पाणी खाली आलं. सहा घरांच्या मिरच्या. पाठोपाठ केरबाचा फोन, उपटलेला भुईमूग पाण्यात हाय म्हणून. पुढं तीन दिवस पाऊस हटला नाही आणि शेंगा रानातच काळ्या पडल्या.

कुणी भांडलं असतं तर आक्कांनी एकेकीला पुरून उरून दाखवलं असतं. भांडलं कुणीच नाही. घोरपडेवहिनी दारात येऊन अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आक्का. वय झालं आता." आक्का आपल्या हाताकडं बघत बसल्या. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

निपाणीला आठ दिवस राहिले. मला अडवायला कुणी उरलंच नव्हतं. आईला छान दिसायला लागलं, पोरांनी आंबे खाऊन अंगावर फोड आणले.

परत आले तर आक्का गच्चीची पायरी चढत नव्हत्या. बायका फोन बघून मिरच्या घालत होत्या. मीही बघितला, ऊनच ऊन दाखवत होता. पोतं सोडून पसरलं आणि लसूण आणायला बाजारात गेले. तिथंच टपोरे थेंब अंगावर आले. धावत येईपर्यंत वर्षाची मिरची भिजून लगदा झाली होती.

खाली आले तर आक्का खिडकीशी, मांडीवर बरणी.

"सकाळी हात घातला हुता," त्या म्हणाल्या. "वलं लागलं. पर म्हटलं, हात खोटं बोलतोय आता. म्हणून गप बसले."

त्यांनी बरणी पुढं केली. "तू बघ की. खरंच वलं हाय का?"

मी हात घातला. मीठ बोटांना चिकटलं, नखांत शिरलं. एक शब्द बोलले असते तर म्हातारीला तिचा हात परत मिळाला असता. पण त्या शब्दामागून तवा निघाला असता, भुईमूग निघाला असता, सहा घरं दारात आली असती.

"न्हाय आक्का," मी म्हणाले. "कोरडं हाय."

त्यांनी मान हलवली. बरणी माझ्याकडंच ठेवायला सांगितली. मी ओली बोटं ओढणीला पुसली आणि चहा टाकला.

चहाचा कप त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला. वाफ तोंडावर येत होती, तरी माझ्याकडं बघून विचारलं, "मोना, गरम हाय का गं ह्ये?"

"व्हय," मी म्हणाले.

मग त्या फुंकर घालायला लागल्या.