वर बघा, म्हणे!

मित्रांनो, हसायचं असेल तर आधी हसून घ्या. काचेला तडा गेलेला, पाठीचं झाकण रबरबँडने आवळलेला, चार्जिंगला लावताना वायर वाकडी करून धरावी लागते असा मी एक जुना मोबाइल आहे. एका लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलावर, कांजीच्या डब्याला टेकून मी उभा असतो. वाफेने माझी काच सारखी धुरकट होते आणि मालकीण पदराने ती पुसते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडलं. त्यांतल्या एकीलाही मी परवडणारा नव्हतो, पण त्या वयात असल्या गोष्टींकडे कोण लक्ष देतो! मी आपला डब्यात बसून कुठल्या श्रीमंत घरी जाणार याची स्वप्नं पाहत होतो.

तसा गेलोही. एका वकीलबाईंच्या घरी. काय कौतुक होतं माझं! मऊ फडक्याने पुसणं काय, मखमली पिशवी काय. बाई कोर्टात गेल्या तरी मी हातात आणि जेवायला बसल्या तरी मी ताटाशेजारी. त्यांच्या थोरल्या मुलाच्या कॉलेजप्रवेशाची धांदल सुरू झाली, तेव्हा ओळखीच्या पालकांनी मिळून एक ग्रुप काढला. ग्रुप चालवणारे गृहस्थ कुठल्याशा कंपनीत साहेब होते, पण सगळे त्यांना ‘सर’ म्हणत.

या मंडळींना लांब लिहायचा भारी कंटाळा. प्रवेशाची पहिली फेरी म्हणजे ‘प.फे.’, दुसरी ‘दु.फे.’, मूळ कागदपत्रं म्हणजे ‘मू.का.’. सगळी घरगुती टाकसाळ! ही अक्षरं ना कॉलेजच्या पाटीवर सापडायची, ना कुठल्या पुस्तकात. एकदा सरांनी ‘स्व.ह.’ असं लिहिलं आणि वकीलबाई गोंधळल्या. त्यांनी सरळ विचारलं, “स्व.ह. म्हणजे काय हो?”

सरांनी लगेच उत्तर दिलं, “स्वतः हजर. मुलाने मू.का. घेऊन कॉलेजात स्वतः जायचं. नाही गेला तर जा.र., म्हणजे जागा रद्द.” आणखी दोघातिघांनी त्यात भर घातली. एकाने तर म्हटलं, “मी जाणारच आहे, तुमच्या मुलालाही गाडीतून नेतो.” मुलगा वेळेवर हजर झाला. मिठाईचे फोटो मीच काढले. तेव्हा मला वाटलं, माणसं किती चांगली असतात. चुकलो नव्हतो मी. त्या वेळी ती चांगलीच वागली होती.

मग एके दिवशी मी जिन्यावरून घरंगळलो आणि माझ्या कपाळाला हा तडा गेला. घरात नवा मोबाइल आला. मखमली पिशवी त्याला मिळाली, मी खणात गेलो. औषधांच्या रिकाम्या पाकिटांत मी किती काळ पडून होतो, कोण जाणे. शेवटी बाईंनी मला त्यांच्या इस्त्रीवालीला देऊन टाकलं. देण्याआधी माझ्या पोटातलं सगळं पुसलं. निरोप गेले, फोटो गेले, ग्रुपही गेला. पुसलं म्हणजे मी विसरलो असं नाही हं, मित्रांनो. आठवतं मला सगळं. दाखवता मात्र काही येत नाही.

नव्या मालकिणीने मला दोन्ही हातांत धरलं. तिच्या बोटांच्या शेंड्यांना इस्त्रीच्या चटक्यांनी घट्टे पडले होते, त्यामुळे माझ्या काचेला तिचा स्पर्शच कळेना. एकेक अक्षर ती दोन-तीनदा दाबायची. पण जपायची किती! रबरबँड तिनेच बांधला.

तिला एकच मुलगी. लाँड्रीच्या मागे एका मांजराचा पाय मोडला, तर हिने कॉलरमधल्या कडक पट्ट्या काढून त्याला आधार बांधला आणि ते मांजर पुन्हा भिंतीवर चढू लागलं. तेव्हापासून गिऱ्हाइकं तिला ‘डॉक्टर’ म्हणत. मुलीला जनावरांचीच डॉक्टर व्हायचं होतं. मार्कही तिने तसे मिळवले. प्रवेशाच्या दिवसांत ती गावाबाहेरच्या जनावरांच्या दवाखान्यात पिंजरे धुवायला जायची, तेवढीच कामाची ओळख म्हणून. जाताना आई म्हणाली, “तिकडचं तू बघ. मोबाइलवरचं मी बघते.”

“नक्की जमेल ना गं?”

“अगं, न जमायला काय झालं? वकीलबाईंनी घेतलंय मला त्यांच्या ग्रुपमध्ये.”

घेतलं होतं खरं. आता बाईंच्या धाकट्याचा प्रवेश होता आणि ग्रुप तोच होता. माझ्या पडद्यावर एक ओळ उमटली की तुम्हाला या ग्रुपमध्ये घेतलं आहे. त्या ओळीच्या वर सगळं कोरं.

आणि मग निरोपांचा पाऊस सुरू झाला. प.फे., दु.फे., गु.या., मू.का. मालकीण इस्त्री उभी करून वाचायची, ओठ हलवत. दोन-चार अक्षरांचे अर्थ तिने अंदाजाने लावले. उरलेल्यांचे लागेनात. एका दुपारी तिने हिंमत केली आणि लिहिलं, “नमस्कार. यातलं काही समजत नाही. कोणी सांगेल का?”

उत्तर झटकन आलं. सरांचंच. “ताई, वर बघा. शंभरदा सांगून झालंय.” खाली कोणीतरी हसरा चेहरा टाकला.

तिने अंगठ्याने मला वर ओढलं. ती एकच ओळ. पुन्हा ओढलं. तीच ओळ. मित्रांनो, ग्रुपमध्ये उशिरा आलेल्या माणसाला आधीचं काहीच दिसत नाही. हे ना सरांच्या लक्षात आलं, ना हसणाऱ्याच्या, ना वकीलबाईंच्या. त्यांना वर सगळं दिसत होतं. ती मात्र मलाच गदागदा हलवून म्हणाली, “मेला, जुना झालाय. वरचं दाखवतच नाही.” एके काळी तो सगळा खुलासा माझ्याच पोटात होता हो! ओरडून सांगावंसं वाटलं मला. पण मोबाइलला दुसऱ्याचा आवाज पोचवता येतो, स्वतःचा नाही.

दुसऱ्या फेरीत मुलीचं नाव लागलं. तिने ते दवाखान्यातल्या संगणकावर पाहिलं आणि धावत लाँड्रीत आली. मायलेकी एकमेकींना धरून एवढ्या नाचल्या की कांजीचा डबा लवंडला आणि मी त्यात पडता पडता वाचलो. नाव लागलं म्हणजे प्रवेश झाला, असंच दोघींना वाटलं. का वाटू नये?

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सरांचा निरोप आला, “ज्यांचं दु.फे.त झालं त्यांनी मू.का.सह स्व.ह., शु.पर्यंत. नाहीतर जा.र.” खाली अंगठेच अंगठे.

मालकिणीने तो पुन्हा पुन्हा वाचला. “स्व.ह. म्हणजे काय?” असं लिहिलं आणि खोडलं. ग्रुपवरच्या निम्म्या लोकांचे शर्ट तिच्याच टेबलावर घड्या घालून ठेवले होते. परत हसले तर? कपडे पोचवायला गेली तेव्हा तिने वकीलबाईंना दारात धरलं. “मॅडम, ते ग्रुपवरचं जरा...” बाई फोनवर बोलत होत्या. हाताने थांबवत म्हणाल्या, “सगळं आहे हो ग्रुपवर. वाचा नीट.” वाईट नाहीत त्या. घाईत होत्या, एवढंच. माझ्या काळजाचं मात्र पाणी पाणी झालं.

शुक्रवार गेला.

सोमवारी मायलेकी धुतलेले कपडे घालून, वर्ग कधी भरणार हे विचारायला कॉलेजात गेल्या. खिडकीतल्या कारकुनाने पडद्यावर पाहिलं. “नाव होतं. हजर झाला नाहीत. जागा पुढच्या नंबराला गेली.”

“गेली म्हणजे?” मुलीने विचारलं.

“रद्द झाली, बाळा.”

“अहो, पण आम्हाला कोणी सांगितलंच नाही,” मालकीण म्हणाली. तिचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता.

“फाटकावर सूचना होती, बाई. आणि पालकांचा ग्रुप आहे ना? त्यावर नव्हतात का तुम्ही?”

मालकिणीने तिच्या मुठीतल्या माझ्याकडे पाहिलं. “होते,” ती म्हणाली.

बाहेर पायरीवर बसून मुलीने मला हातात घेतलं. अंगठ्याने वर ओढलं आणि तिच्या लगेच लक्षात आलं. “आई, नवीन माणसाला जुनं दिसतच नाही गं. मोबाइल चांगला आहे. मला का नाही विचारलंस?”

“तू म्हणाली असतीस, आईला एवढंही जमत नाही.”

मुलीची दोन आसवं माझ्या तड्यात शिरली. त्या जागी अजून एक डाग आहे, पुसला तरी जात नाही.

त्यानंतर मालकिणीच्या मनगटाने दगा दिला आणि इस्त्री मुलीने हातात घेतली. पुढच्या खेपेला ती प्रवेशाच्या वाटेला गेली नाही. “बघू” म्हणाली आणि ते बघणं राहूनच गेलं. गिऱ्हाइकं अजून हाक मारतात, “काय डॉक्टर, झाले का आमचे शर्ट?” त्यांना काही माहीत नसतं. ती शर्ट पुढे करते. सुट्टे पैसे मोजून परत देते.

परवा ग्रुपवर नवीन कोणीतरी आलं. भीत भीत लिहिलं होतं, “माफ करा, मुलीचं नाव लागलंय. स्व.ह. म्हणजे काय?” आणि खाली लागलीच, “वर बघा.”

मुलीने इस्त्री उभी केली. माझी बॅटरी अगदी शेवटच्या घटकेला आली होती. पण मी मनाशी म्हटलं, आत्ता मान टाकायची नाही, काहीही होवो. तिने लिहिलं, “स्वतः हजर. उद्याच मुलीला घेऊन जा. सगळे मूळ कागद बरोबर ठेवा. नाही गेलात तर जागा जाते. आमची गेली.” निरोप पोचल्याची खूण उमटली आणि मग मी डोळे मिटले. तेव्हापासून मी चार्जिंग धरलेलं नाही, त्यामुळे पलीकडून काही उत्तर आलं का, मला माहीत नाही.

माझे दिवस आता भरत आले आहेत, मित्रांनो. तुमच्याकडे माझ्यापेक्षा देखणे मोबाइल असतील. त्यांना जपा किंवा आपटा, तुमची मर्जी. पण त्यावर कोणी काही विचारलं, तर जरा थांबून पूर्ण शब्दांत सांगा. त्याला ‘वर बघा’ म्हणू नका. त्याच्या वर काहीच नसतं.