बिनवासाचं औषध

"घरात कसला धूर? कसला उग्र वास? नीट आठवून सांगा," डॉक्टरांनी छातीच्या फोटोवरची नजर न काढता विचारलं.

"नाही हो. गॅसवर स्वयंपाक. मी विडी-सिगरेटला आयुष्यात हात लावला नाही," हवालदार म्हणाले. बायको शेजारच्या खुर्चीत बसून श्वास गोळा करत होती. तिनेही मान हलवली.

हवालदार हे नावाचेच हवालदार. ना ते कधी पोलिसात होते, ना सैन्यात. एकतीस वर्षं एका बँकेच्या दाराशी स्वतःच्या परवान्याची दुनळी बंदूक घेऊन ते उभे होते. मिशा भरघोस, बोलणं मोजकं. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी 'हवालदार' म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बंदूक स्वतःची, त्यामुळे संध्याकाळी ती त्यांच्याबरोबरच घरी यायची आणि लोखंडी कपाटात कुलूपबंद व्हायची.

डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कडक होत चालली आहेत. औषधांनी वेग कमी होईल, मागे काही फिरणार नाही. तपासणीच्या खोलीतून बाहेर पडल्यावर जिना आला. बायको चार पायऱ्या उतरली की कठड्याला धरून थांबायची. तिसऱ्यांदा ती थांबली, तेव्हा हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते जागच्या जागी थबकले. बोटांना वास येत होता. आदल्या दिवशी रविवार होता.

"तू बाकावर बस. छत्री राहिली वर," ते म्हणाले.

"छत्री आणली कुठे होती आपण?"

पण ते तोवर वर पोचलेही होते.

"डॉक्टर, एक सांगायचं राहिलं. दर रविवारी मी घरात बंदूक साफ करतो. नळ्या धुवायचं एक औषध असतं, त्याला वास असतो. ही समोर बसून चिंध्या कापून देते. लग्नापासून." एवढं लांबलचक बोलून त्यांनाच धाप लागली. "हे माझ्यामुळे झालं का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "असं बोट ठेवून सांगता येत नाही. एवढ्या वर्षांत माणसाच्या छातीत काय काय जातं. पण यापुढे तो वास त्यांच्या आसपास नको."

'हो' नाही आणि 'नाही'ही नाही. 'हो' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं हवालदारांना जिना उतरताना वाटलं.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीला एकच खिडकी. रविवारी सकाळी तिथे जुनी सतरंजी पसरायची, बंदूक बिजागरीपाशी उघडून आत काडतूस नाही याची दोनदा खात्री करायची, नळ्या वेगळ्या करायच्या, आणि मग ती तपकिरी बाटली उघडायची. झाकण निघालं की डोळ्यांत पाणी यायचं. बायको समोर बसून जुन्या चादरींचे चौकोनी तुकडे करायची, आणि करता करता बोलायची. लेकीची शाळा, माहेरची पत्रं, खालच्या मजल्यावरचं भांडण, सगळं त्या तासाभरात. तिला खोकल्याची ढास लागली की हवालदार म्हणायचे, "पाणी पी." तिने पाणी प्यावं आणि पुन्हा बोलायला लागावं.

पुढच्या रविवारी ते बंदूक घेऊन गच्चीवर गेले. अर्ध्या तासात इमारतीचे सेक्रेटरी वर आले. "काका, तुमच्याबद्दल काही नाही हो. पण समोरच्या इमारतीतून फोन आला, की गच्चीवर एक माणूस बंदूक घेऊन बसलाय." त्यापुढच्या आठवड्यात त्यांनी बँकेतल्या जुन्या कागदांच्या खोलीत चिंधी भिजवली, तर वास थेट मॅनेजरबाईंच्या टेबलापर्यंत गेला. मॅनेजरबाई नाकाला रुमाल लावून आल्या. "हवालदार, हे घरी नाही का करता येणार?"

त्यांनी बाटलीला झाकण लावलं. तिसऱ्या रविवारी बंदूक कपाटातच राहिली. हवालदार पेपर वाचत बसले, बायको आतल्या खोलीत पडून होती. घरात ना वास, ना बोलणं.

"आज बंदूक नाही का काढायची?" तिने आतूनच विचारलं.

"नंतर बघू."

सोमवारी दुपारची सुट्टी घेऊन ते शस्त्रांच्या दुकानात गेले. पूर्वी ते जिथून घ्यायचे ते दुकान नुकतंच बंद झालं होतं. आता निम्म्या शहराला वळसा घालून जावं लागलं. इथे गल्ल्यामागे साठीच्या एक बाई होत्या. नवरा गेल्यावर त्यांनीच दुकान चालवलं होतं. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि हातांना शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातांची सफाई.

हवालदारांनी रिकामी तपकिरी बाटली पुढे ठेवली. "याच्यासारखंच, पण वास नसलेलं काही आहे? घरात आजारी माणूस आहे. छातीचं दुखणं."

बाईंनी चष्मा चढवला, बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं. "बंदूक कुठली तुमची?"

"दुनळी. बारा बोअर."

"छऱ्याची? मग हे कशाला वापरता?"

"म्हणजे?"

"अहो, यात अमोनिया आहे. रायफलीच्या गोळीवर तांब्याचं कवच असतं. ते तांबं नळीत घासून बसतं, ते काढायला हे लागतं. छऱ्याच्या काडतुसात कुठलं आलंय तांबं? काजळी आणि थोडं शिसं, एवढंच. तुम्हाला कुणी दिलं हे?"

"नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या दुकानदाराने दिलं होतं. संपलं की तीच बाटली दाखवून तीच घेत गेलो."

"किती वर्षं झाली?"

"एकतीस."

बाईंनी समोरच्या माणसाचा चेहरा पाहिला आणि स्टूल पुढे सरकवलं. हवालदार बसले. वर्षातून एकदा सरावाला पाच काडतुसं उडायची. बाकी एक्कावन्न आठवडे त्या नळ्यांत धुळीशिवाय काही नसायचं. तेलाच्या एका चिंधीने भागलं असतं. काही नसलेलं काढण्यासाठी त्यांनी दर रविवारी तो वास त्या एका खिडकीच्या खोलीत कोंडला होता.

बाईंनी दोन बाटल्या काढून ठेवल्या. एकीवर मोठ्या अक्षरांत 'वासरहित' असं छापलं होतं. हवालदारांनी हात पुढे केला, तसा बाईंनी तिच्यावर तळवा ठेवला.

"ही घेऊ नका. यातला वास तेवढा काढून घेतलाय, वाफ आहे तशीच आहे. नाकाला कळत नाही, एवढाच फरक. ही दुसरी वनस्पतीच्या तेलापासून केलेली आहे, हवेत फार उडत नाही. जरासा वास येईल, पण ओरखडणारा नाही. फक्त काम सावकाश करते. लावून वीस मिनिटं थांबायचं, मग कोरडं पुसायचं आणि तेलाचा हात द्यायचा. पुसायचा आळस केलात तर गंजेल."

"आळस नाही करणार."

"आणि हेसुद्धा खिडकी उघडी ठेवूनच. वापरलेल्या चिंध्या झाकणाच्या डब्यात टाकायच्या. हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा." बाईंनी बाटली कागदात गुंडाळली. "शिसंही अंगात भिनतं, आणि त्याला तर वासच नसतो, हवालदार."

बाईंना कुणी हे नाव सांगितलं नव्हतं. मिशा बघूनच त्या म्हणाल्या असाव्यात.

रविवारी हवालदारांनी आधी एकट्यानेच प्रयोग केला. बायकोला शेजाऱ्यांच्या घरी बसवून ठेवलं, खिडकी सताड उघडली, नळीत चिंधी फिरवली आणि दहा मिनिटं नुसतं हुंगत बसले. ओल्या लाकडासारखा मंद वास होता. मग शेजाऱ्यांकडे जाऊन तिला म्हणाले, "चल, ये."

त्यांनी तिची खुर्ची खिडकीपाशी ठेवली होती, वारा तिच्याकडून त्यांच्याकडे येईल अशी. चिंध्यांना, कात्रीला तिला हात लावू दिला नाही. तो सगळा कारभार आपल्याकडे घेतला.

"मग मी काय करू? शोभेला बसू?"

"बस."

दोन्ही नळ्यांना औषध लावून त्यांनी घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं थांबायचंय."

"एवढा वेळ? पूर्वीचं तर लगेच व्हायचं."

आणि मग, हातात काही काम नसल्यामुळे असेल, हवालदारांनी सांगून टाकलं. डॉक्टरांना काय विचारलं ते. दुकानातल्या बाई काय म्हणाल्या ते. तांब्याचं. पाच काडतुसांचं. नळीकडे बघत, एका दमात, जबाब दिल्यासारखं.

बायकोने खिडकीबाहेरची नजर आत वळवली.

"माहेरी ओल्या लाकडांची चूल होती," ती म्हणाली. "लग्नानंतर सात वर्षं मी कापडाच्या गिरणीत होते. तिथे कापूस नाकातोंडात जायचा. आता यातलं कुठलं भोवलं ते कोण सांगणार? तुम्हाला सगळंच आपल्या नावावर लावून घ्यायची हौस."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही करत." तिला धाप लागली, ती शांत होईपर्यंत तिने हाताने त्यांना थांबवून धरलं. "डोळ्यांतून पाणी यायचं माझ्या. खोकला यायचा. मला पाय नव्हते का? उठून आत का गेले नाही, ते विचारा ना."

"का?"

"आठवडाभर तुम्ही मुक्याचं व्रत घेतल्यासारखे असायचात. दाराशी उभे राहून राहून बोलणं विसरलेले. ती नळी हातात आली की तेवढे दोन शब्द बोलायचात. 'पाणी पी' म्हणायचात. मग मी कशाला उठू?"

हवालदारांनी मिशीवर हात नेला. तेलकट हातमोजा लागला तसा मागे घेतला. वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती. नळ्या तशाच सतरंजीवर पडून होत्या, आणि ते पहिल्यांदाच बायकोला बँकेच्या दारातून जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांबद्दल सांगत होते. कोण रोज नमस्कार करायचं, कोण एकतीस वर्षांत एकदाही बघायचं नाही. ती हसली, मग खोकली, मग पुन्हा हसली.

असे एकोणतीस रविवार मिळाले. शेवटचे काही तिने पलंगावरूनच काढले. हवालदारांनी सतरंजी आतल्या खोलीच्या दारापर्यंत सरकवली होती. घरी प्राणवायूचं यंत्र आलं, त्या दिवसापासून त्यांनी बाटली उघडलीच नाही. नळीत नुसती कोरडी चिंधी फिरवायचे, बोलण्यापुरती. एका बुधवारी सकाळी, लेक तिचे केस विंचरत असताना, बायको गेली. हवालदार तेव्हा बँकेच्या दाराशी उभे होते.

दोन महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली आणि बंदूक जमा करायला परवान्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने नळ्या उजेडाकडे धरून आरपार पाहिलं.

"आरसा आहे अगदी. कधी वापरली नाही वाटतं?"

"एकतीस वर्षं वापरली," हवालदार म्हणाले.

कारकुनाने अर्ज पुढे केला. "इथे कारण लिहा. वय झालं म्हणून, असं लिहितात सगळे."

हवालदारांनी पेन घेतलं. रकाना लहान होता. मागच्या माणसाने घसा खाकरला, तेव्हा त्यांनी लिहिलं, 'गरज उरली नाही', आणि सही केली. कारकुनाने न वाचताच शिक्का मारला.

बाहेर भर दुपारची गर्दी होती. खांद्यावर बंदूक असायची तेव्हा लोक आपोआप दोन पावलं बाजूला व्हायचे. एवढ्या वर्षांत गर्दीतून चालायचं कसं हे शिकायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती. दहा पावलांवरच एका घाईतल्या बाईचा धक्का त्यांच्या उजव्या खांद्याला लागला आणि ते भेलकांडले.

"काका, बघून चाला ना!"

"हो, चुकलं," हवालदार म्हणाले, आणि भिंतीच्या कडेकडेने, लोकांना वाट देत, घराच्या दिशेने चालू लागले.